आकडा म्हणजे पुरावा नव्हे : दम्याचे औषध, घाम आणि लघवीची बाटली

१/
उत्तेजक-चाचणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आकडा खोटे बोलत नाही.' इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे मान्य करणे म्हणजे कागद जुना दिसतो म्हणून बखरीतला शब्दन् शब्द खरा मानणे होय. साधन आधी तपासावे, मग त्यावर विसंबावे, हा धडा राजवाड्यांनी आपल्याला घालून दिला. लघवीतील औषधाचे प्रमाण हेही एक साधनच आहे. ते कोणत्या परिस्थितीत निर्माण झाले, हे कोण विचारतो?

२/
साल्ब्युटामॉल घ्या, म्हणजे आपल्याकडच्या अस्थालिनच्या पंपातले औषध. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ('वाडा') ते ओढून घ्यायला परवानगी देते : २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, पण कोणत्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे आठ तासांत सहा पफ. लघवीत मर्यादा १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर; कारवाईची रेषा १२००. ती ओलांडली की निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर.

३/
मेख 'प्रति मिलिलिटर' या दोन शब्दांत आहे. हा भागाकार आहे : वर औषध, खाली पाणी. कठोर व्यायामात रक्त स्नायूंकडे वळते, मूत्रपिंडांकडे कमी जाते. घामाने पाणी उडते, शरीर उरलेले पाणी धरून ठेवते, लघवी थोडी आणि गडद होते. छेद लहान झाला. औषध तेवढेच, आकडा मात्र फुगला. शिवाय मागची लघवी केव्हा केली होती, यावरही तो हलतो.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच वेळी ओढलेल्या १६०० मायक्रोग्रॅमनंतर विश्रांतीपेक्षा व्यायामात आणि निर्जलीकरणात लघवीतील प्रमाण अधिक आढळले. (एका दमात १६०० ही नियमबाह्य मात्रा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दिशा स्पष्ट आहे.)

४/
आता इतिहास. २००७ची जिरो दि'इटालिया : सायकलपटू आलेस्सांद्रो पेटाक्कीच्या नमुन्यात मर्यादा ओलांडली गेली. क्रीडा लवादाने २००८ मध्ये फसवणुकीचा हेतू नव्हता हे मान्य केले, तरी बंदी घातली आणि त्याचे पाच टप्प्यांतील विजय गेले. २०१४ : दिएगो उलिस्सी, १९००, नऊ महिने बंदी. ७ सप्टेंबर २०१७ : व्हुएल्टा शर्यतीत क्रिस फ्रूम, २०००. २ जुलै २०१८ रोजी प्रकरण बंद, शिक्षा शून्य.

'फ्रूम पैशाच्या जोरावर सुटला' हा निष्कर्ष सोपा आहे आणि मला तो पटत नाही. लघवीची घनता विचारात घेतल्यावर त्याचा आकडा १४२९ वर आला, आणि परवानगीतल्या मात्रेतूनही असा निकाल येऊ शकतो हे 'वाडा'ने स्वीकारले. ते स्वीकारणे योग्यच होते. आक्षेप आहे तो उशिराबद्दल.

५/
साल्ब्युटामॉलच्या मर्यादेसाठी घनतेची दुरुस्ती लागू झाली २०१८ मध्ये. हिशेब शाळकरी आहे : विशिष्ट गुरुत्व १.०३० असलेल्या लघवीतले १५०० हे १.०२० च्या लघवीत १००० होतात. उलिस्सी निर्दोष होता असे माझे म्हणणे नाही. पण ज्या तराजूने त्याला तोलले तो चार वर्षांनी बदलला, हे म्हणायलाच हवे.

आणि पातळ लघवी? खूप पाणी पिऊन औषध लपवले जाईल ही शंका यंत्रणेला नेहमीच होती. नमुना फार पातळ असला की दुसरा मागतात. लबाडाचे पाणी दिसले, घामेजलेल्याचे तहानलेपण दिसले नाही.

६/
'मग पृथ्वी शॉचे काय?' प्रश्न येणारच. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याचा नमुना घेतला, टर्ब्युटालिन सापडले, खोकल्याच्या औषधातून गेल्याचे स्पष्टीकरण बीसीसीआयने मान्य केले आणि आठ महिन्यांची बंदी मागील तारखेपासून दिली. टर्ब्युटालिनही दम्याचेच औषध. पण त्याला मर्यादाच नाही. उपचारासाठीची पूर्वपरवानगी नसेल तर अंशमात्र सापडले तरी गुन्हा. तिथे घाम, पाणी, घनता यांचा बचाव निरर्थक ठरतो. दोन्ही प्रकरणे एका पारड्यात टाकणारे दोन्हींचा अर्थ घालवतात.

७/
भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि मुले मैदानावर धावत असतात. त्यांतला दम्याचा एखादा उद्या राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला तर त्याच्याकडे फ्रूमचे वकील नसतील. नमुना देताना अर्जावर मागील सात दिवसांतील औषधे नोंदवायची जागा असते. तिथे औषधाचे नाव लिहून थांबू नका. किती पफ आणि किती वाजता, तेही लिहा. खोकल्याची बाटली घेतली असेल तर तिच्यावरची घटकांची यादी घेण्याआधीच वाचा.