घुमणारा डबा हवा की नको?

दसरा-दिवाळीच्या जाहिराती सुरू झाल्या की घरोघरी एक प्रश्न निघतो. स्टिरिओ आहे, दोन स्पीकर आहेत, गाणी बरी लागतात. मग सोबत तो चौकोनी काळा सबवूफर घ्यायचा की नाही? दुकानदार म्हणतो, त्याशिवाय मजाच नाही. मुलं त्याचीच री ओढतात. घरातल्या बाईला मात्र आधी दिसतं ते शोकेसच्या काचांचं भवितव्य.

हा डबा करतो काय, ते आधी पाहू. माणसाच्या कानाला साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. कपाटावर मावणारे पाच-साडेपाच इंची स्पीकर बहुधा 60-70 हर्ट्झच्या खाली दमतात. तिथून खालचा घुमारा सबवूफर उचलतो. आता आपण ऐकतो काय? पुरुषाचा खर्जातला आवाज सहसा 80 हर्ट्झच्या आसपास थांबतो. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 वर बोलते. त्याखाली जायचं तर बास गिटारची सर्वांत जाड तार 41 वर आणि पियानोची शेवटची पट्टी 27.5 वर. म्हणजे भीमसेनजींचे अभंग लावा की त्यांचीच कन्नड दासवाणी, बहुतेक ऐवज चांगल्या दोन स्पीकरांत येऊन जातो. जुन्या तबकड्यांचं तर विचारूच नका. 1925 पूर्वी गायक कर्ण्यासमोर उभे राहून गात, तेव्हा खालचे सूर तबकडीवर उमटतच नसत. तिथे सबवूफर लावला तर वाढते ती फक्त रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राची घरघर.

सिनेमाची गोष्ट वेगळी. ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात त्यातला तो ‘एक’ म्हणजे खास खालच्या आवाजाची स्वतंत्र वाट. स्फोट, ढगांचा गडगडाट, हत्तींची पावलं त्या वाटेने येतात. गाण्याच्या सीडीवर अशी वेगळी वाट नसते. जे काही आहे ते डाव्या-उजव्या दोन वाटांतच असतं.

आमच्या घरी हा वाद नुसता पैशाचा नव्हता. आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, धारवाडचे. बोलणं कन्नड, कान मात्र मराठी नाट्यपदांवर पोसलेला. वय ब्याऐंशी. रोज संध्याकाळी सातला वेताच्या खुर्चीत बसून तासभर ऐकायचे. या पावसाळ्यात तो तास अर्ध्यावर आला, मग कधी कधी चुकायला लागला. विचारलं तर म्हणाले, “शब्द केळसवल्दु.” शब्दच ऐकू येत नाहीत. चिरंजीवांनी लगेच निदान केलं की स्पीकर लहान आहेत, दम नाही, वूफर हवा. पहिल्या पगारातून आजोबांना भेट द्यायची त्याची इच्छा होती, म्हणून मला एकदम नाही म्हणवेना.

मित्राचा डबा त्याने एका रविवारी आणला आणि कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात खालचा आवाज आणखी फुगतो. शिवाय आमची खोली बारा फूट लांब. अशा खोलीत 47 हर्ट्झच्या जवळचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो, मग गाणं कुठलंही असो. स्टीलची भांडी थरथरली. भिंतीपलीकडच्या अक्कांनी दारात येऊन हसत सांगितलं, “स्वल्प सौंड कम्मी माड्री.” त्यांच्याकडे नुकतंच ऑपरेशन झालेलं माणूस झोपून आहे. उंच आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, हा घुमारा मात्र तिला जुमानत नाही.

मग आम्ही एक जुनी युक्ती केली. डबा अप्पांच्या खुर्चीच्या जागी ठेवला, गाणं लावलं आणि खोलीभर फिरून कुठे आवाज समतोल येतो ते कान लावून शोधलं. दिवाणापाशी एक जागा मिळाली. डबा तिथे नेला, आवाज इतका उतरवला की तो चालू आहे हे कळू नये. (चांगल्या सबवूफरची खूण हीच. बंद केल्यावरच त्याची आठवण यावी.) अप्पा खुर्चीत बसले. डग्ग्याची मींड ऐकून त्यांची मान हलली, बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली. मुलगा माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होता. पद संपलं. मी विचारलं, “अप्पा, शब्द?” त्यांनी नुसता हात हलवला.

उतारवयात कान आधी वरचे सूर सोडतो. स, श, त, क ही व्यंजनं त्या वरच्या भागात असतात आणि शब्दाचा कणा तीच. घुमारा कितीही वाढवा, हरवलेला ‘श’ त्यातून परत येत नाही; जास्त झाला तर उरलेला तोच झाकून टाकतो. हे मुलाला सांगताना त्याचा चेहरा पडला. भेट नाकारली असं त्याला वाटलं असणार.

त्या संध्याकाळी आम्ही डब्याची वायर काढली, अँप्लिफायरवरचं बासचं बटण शून्यावर आणलं, स्पीकर कपाटावरून उतरवून दोन स्टुलांवर कानाच्या उंचीला ठेवले, भिंतीपासून हातभर पुढे. खुर्ची दहा फुटांवरून पाच फुटांवर आली. अप्पांना निम्मे शब्द लागले. निम्मे म्हणजे पूर्वीपेक्षा बरे.

स्वतंत्र घर असेल, सिनेमाची आवड असेल आणि भिंतीपलीकडे कोणी झोपलेलं नसेल, तर खुशाल घ्या. गाण्यासाठीच हवा असेल तर दुकानातून एक दिवस घरी आणून पाहा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आमच्याकडे डबा सोमवारी मित्राकडे परत गेला. चिरंजीवांनी पैसे काढून ठेवलेत, पण आता ते कानाच्या तपासणीसाठी आणि लागलंच तर यंत्रासाठी आहेत. अप्पा कुरकुरताहेत, “यंत्र लावून गाणं ऐकायचं काय!” येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. घेऊन मीच जाणार आहे.