सेट महाग, वायर टेबलफॅनची!

प्रोजेक्ट प्रदर्शनात वायरलेसचं मॉडेल दिसलं की एकदा मागे वाकून बघा. सेट चकाचक, अँटेना उंच आणि सप्लायला टेबलफॅनची वायर! प्रदर्शनात खपून जातं.

आता हाच सेट अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवा. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर मोबाइलला धड रेंज नाही. रस्ता नसेल तिथे पेशंटला बांबूच्या झोळीतून खाली आणतात. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, पण फोन तर लागला पाहिजे ना?

व्हीएचएफ लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की संपलं. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एचएफ लहरी मात्र जवळजवळ उभ्या वर सोडल्या, तर आयनांबरावरून परतून दरीतही उतरतात. पण गाडीवरची आखूड अँटेना या बँडवर बरीच शक्ती वाया घालवते, म्हणून सेट १०० वॉटचा लागतो. आणि तो बोलताना १३.८ व्होल्टवर २० अँपिअरच्या आसपास ओढतो.

गणित अकरावीचं आहे. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ७.४ मिलिओहम. बॅटरी ते सेट ४ मीटर, जाऊन-येऊन ८. म्हणजे जवळजवळ १.२ व्होल्ट तारेतच गेले! इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ देते, सेटला उरले ११.४. बऱ्याच सेटची हमी ११.७ पर्यंतच असते. ऐकू सगळं येतं, बटण दाबलं की सेट बंद. मग सगळे म्हणतात, सेटच भिकार! तार १० चौरस मिमी घेतली तर हीच गळती ०.३ व्होल्टवर येते.

सिगारेट लायटरच्या सॉकेटचं तर नावच नको, त्याचा फ्यूज १०-१५ अँपिअरचा. स्वतंत्र फ्यूज हवा, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. तो तारेला वाचवण्यासाठी असतो. खडबडीत रस्त्यावर बॉनेटखाली तार घासली, पत्र्याला टेकली, की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि गाडी पेटते. एसटीसारख्या २४ व्होल्टच्या गाडीत दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणारे महाभागही आहेत. ती बॅटरी लवकर मरते.

काहीजण म्हणतील, सॅटेलाइट फोन घ्या. त्याला सरकारी परवानगी लागते, वर मिनिटाचे पैसे. परवाना एचएफलाही लागतोच, पण हॅमची परीक्षा आपल्यातलं कोणीही देऊ शकतं.

माझं म्हणणं एवढंच, की यंदा एका ग्रुपने लाइन फॉलोअर रोबोट सोडावा. सेटसाठी वेगळी बॅटरी ठेवावी, म्हणजे घाटात स्टार्टर रुसणार नाही. मग मोलगीपर्यंत फेरी मारावी, दर अर्ध्या तासाने, बोलत असताना, बॅटरीवरचे आणि सेटवरचे व्होल्ट लिहून आणावेत. मल्टीमीटर लॅबच्या कपाटात धूळ खात पडलेच आहेत.