मशिनगन आणि नागरिक

चाप दाबून धरला की गोळ्या संपेपर्यंत झाडत राहणारे हत्यार शस्त्र अधिनियम, 1959 नुसार ‘प्रतिबंधित’ ठरते. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ते बाळगता वा विकता येत नाही. साधी परवानाधारक बंदूक मात्र लेखी सूचना देऊन 45 दिवसांनी पात्र व्यक्तीला हस्तांतरित करता येते. ‘प्रतिबंधित’ एके-56 रायफल बाळगल्याबद्दल अभिनेता संजय दत्तची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये कायम ठेवली, पण शिक्षा कमी करून पाच वर्षांची केली. प्रसिद्धी उपयोगी पडली नाही, हे योग्यच. 2019 च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षे केली.