प्ले स्टोअर म्हणजे हलालचा शिक्का नव्हे

गेल्या महिन्यात मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लग्नाची पत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके फाइल होती. आमच्या एका चाचांनी ती उघडली आणि फोनने जे जे विचारलं त्याला ‘अलाऊ’ म्हणत गेले. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी घेतली, बँकेचा ओटीपी चोराच्या हाती पडला, खातं रिकामं झालं. तेव्हापासून मशिदीच्या फलकावर सूचना आहे: प्ले स्टोअरबाहेरचं ॲप घेऊ नका.

सूचना चूक नाही. ग्रुपवर आलेली एपीके उघडूच नये, मग ती चलानाच्या नावाने येवो की शादीच्या. पण लोक त्यातून जो अर्थ काढतात तो मला मान्य नाही: आतलं सगळं पाक, बाहेरचं सगळं नापाक.

चाचांचा फोन साफ करताना त्यांचं अजानचं ॲप पाहिलं. लोकेशनची परवानगी कायम चालू. बंद करायला लागलो तर म्हणाले, “अरे सर, वो तो प्ले स्टोअर का है!”

मुस्लिम प्रोही प्ले स्टोअरवरचंच. नोव्हेंबर 2020 मध्ये ‘मदरबोर्ड’ने उघड केलं, की 9.8 कोटींहून जास्त डाउनलोड असलेल्या या ॲपमधून लोकांचं लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होतं, आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. नमाजीने किबला शोधावा आणि तो कुठे उभा आहे याचा बाजारात सौदा व्हावा! बोभाटा झाल्यावर मुस्लिम प्रोने संबंध तोडले, आणि गूगल-ॲपलनेही एक्स-मोडचा कोड काढायला लावला. तोवर दारावरचा चौकीदार काय करत होता?

याउलट एफ-ड्रॉइड बाहेरचं. तिथल्या ॲपचा कोड कुणीही तपासू शकतो आणि ॲप पाळत ठेवत असेल तर तसा इशारा त्याच पानावर असतो. नमाजच्या वेळा काढायला शहर आणि तारीख पुरते. चोवीस तास पाठलाग कशाला?

आता गूगल म्हणतं, 2026 मध्ये चार देशांत आणि 2027 पासून इतरत्र, बाहेरून टाकायच्या ॲपच्या निर्मात्यानेही आधी आमच्याकडे ओळख नोंदवावी. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही नंतर सांगितलं. कारण काय, तर चाचांसारख्यांची सुरक्षा. फोन माझा, पैसे माझे, आणि कुणाकडून काय घ्यायचं याची इजाजत मात्र त्यांची!

फलकावरच्या सूचनेखाली परवानग्या कुठे तपासायच्या तेही लिहा, असं ट्रस्टींना सांगितलंय. अजून लिहिलेलं नाही.