क्राईम पॉडकास्टचा एपिसोड अटकेपाशी संपतो, खरी केस तिथून सुरू होते

डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटी गाठायला तास-सव्वा तास लागतो. क्राईम पॉडकास्टचा एक एपिसोड तेवढ्यात आरामात ऐकून होतो. ठाण्याला खून झालेला असतो, घाटकोपरला संशय भलत्याच माणसावर जातो आणि भायखळा येईपर्यंत खरा आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतो. इअरफोन काढायचे आणि उतरायचं.

ऐकायला हे भारी वाटतं, पण त्यातून एक सवय लागते. आरोपी सापडला म्हणजे न्याय झाला, असं डोक्यात बसतं. प्रत्यक्षात अटक ही फौजदारी न्यायाची सुरुवात असते. पुढचा भाग, म्हणजे चार्जशीट, साक्षी, उलटतपासणी आणि निकाल, कंटाळवाणा असतो म्हणून गोष्टीतून गळतो. ठाणे जिल्ह्यातल्या दोन प्रकरणांत तर हा भाग प्रत्यक्षातच घडला नाही. त्याने काय बिघडलं, ते समजून घेऊ.

बदलापूर : खटल्याआधीच शेवट

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याला १७ ऑगस्टला अटक झाली. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि बदलापूर स्टेशनमधली वाहतूक दिवसभर ठप्प झाली. त्यानंतर विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि तीन पोलिसांचं निलंबन झालं.

मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. २२ ऑगस्टच्या सुनावणीत कोर्टाने विचारलं, की गुन्हा नोंदवायला उशीर का झाला? दुसऱ्या मुलीचा जबाब का घेतला नाही? शाळेने पोलिसांना का कळवलं नाही? पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यावरून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. म्हणजे प्रकरण एका आरोपीपुरतं नव्हतं. शाळेची जबाबदारी आणि पोलीस ठाण्यातला कारभार हेही प्रश्न होतेच.

मग २३ सप्टेंबरची संध्याकाळ आली. दुसऱ्या एका गुन्ह्याच्या चौकशीसाठी ठाणे पोलीस आरोपीला तळोजा कारागृहातून घेऊन निघाले होते. मुंब्रा बायपासजवळ त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणासाठी पोलिसांनी गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. आरोपी ठार झाला. ‘बदला पुरा’ असे बॅनर झळकले.

दोनच दिवसांनी उच्च न्यायालयाने या कथनावर शंका घेतली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टात आला. त्यात पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे आढळले नसल्याची नोंदही होती. मृताच्या आईवडिलांनी आता केस पुढे चालवायची नाही, असं कोर्टाला सांगितलं. तरीही ७ एप्रिल २०२५ रोजी हायकोर्टाने मृत्यूच्या तपासासाठी विशेष पथक नेमण्याचा आदेश दिला.

इथे एक पथ्य पाळायला हवं. चौकशी अहवाल म्हणजे निकाल नव्हे. आरोपीला खटल्याचा हक्क होता, असं म्हणत असू, तर तोच हक्क या पाच पोलिसांनाही आहे.

कल्याण : पुन्हा तेच, वेगळ्या वाटेने

डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पूर्वेतून एका अल्पवयीन मुलीचं अपहरण झालं. तिचा मृतदेह भिवंडीजवळ बापगाव परिसरात सापडला. मुख्य संशयित शेगावात पकडला गेला. त्याच्यावर आधीचेही गुन्हे होते. असा माणूस मोकळा कसा फिरत होता, हा कल्याणकरांचा पहिला सवाल होता.

१३ एप्रिल २०२५ रोजी तो तळोजा कारागृहात गळफास घेतलेल्या अवस्थेत आढळला.

आरोपीचा मृत्यू झाला, की त्याच्यापुरता खटला थांबतो. पुरावे कोर्टात तपासले जात नाहीत, साक्षीदारांची उलटतपासणी होत नाही. ‘याने हे केलं’ असं न्यायाधीशांनी लिहिलेलं एक ओळीचंही निकालपत्र त्या कुटुंबांच्या हाती येत नाही. उद्या कुणी ‘खरं काय घडलं’ म्हणून एपिसोड केला, तर त्याच्याकडे पोलिसांची बाजू असेल, बातम्या असतील आणि अफवा असतील. कोर्टात तावूनसुलाखून निघालेलं सत्य नसेल.

‘पण कोर्टात तरी काय होतं?’

हा प्रश्न रास्त आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण उगाच पडलेली नाही. पॉक्सो कायदा सांगतो, की कोर्टाने दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षभरात खटला संपवावा आणि मुलाची साक्ष ३० दिवसांत नोंदवावी. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. एन्काऊंटरनंतर पेढे वाटले जातात, त्यामागे ही चीडही असते. तिला नावं ठेवून भागत नाही.

तरीही कोर्टाची चाळणी का लागते, याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, पण तो धागा पुढे नेलाच गेला नाही. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

या सहा जणांचा २००३ मध्येच ‘झटपट न्याय’ झाला असता, तर? आपण तेव्हाही टाळ्याच वाजवल्या असत्या. आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिल्याचं कुणाला कळलंही नसतं.

पॉडकास्ट मग वाईटच का?

अजिबात नाही. काही पॉडकास्टनी न्यायव्यवस्थेला आरसा दाखवलाय. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कर्टिस फ्लॉवर्स या माणसावर चार खुनांसाठी तब्बल सहा वेळा खटला चालला. ‘इन द डार्क’ या पॉडकास्टच्या पत्रकारांनी २०१८ मध्ये पुरावा पुन्हा उकरून काढला. फ्लॉवर्सविरुद्ध साक्ष देणाऱ्या कैद्याने आपण खोटं बोललो, असं त्यांच्यापाशी कबूल केलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्युरी निवडताना वर्णभेद झाला म्हणून शिक्षा रद्द केली. २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले.

याला दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रेलियातल्या ‘द टीचर्स पेट’ या पॉडकास्टमुळे १९८२ पासून बेपत्ता असलेल्या लिनेट डॉसन यांचं प्रकरण जगभर पोहोचलं. पतीला अटक झाली आणि २०२२ मध्ये तो दोषीही ठरला. पण गाजावाजा इतका झाला होता, की निष्पक्ष सुनावणीसाठी खटला काही महिने थांबवावा लागला आणि ज्युरीविना एकट्या न्यायाधीशांनी तो चालवला. अतिउत्साहात तयार केलेला एपिसोड आरोपीच्या वकिलाच्याच कामी येऊ शकतो.

आपल्याकडेही हा प्रश्न कोर्टात गेलाय. शीना बोरा प्रकरणातल्या आरोपी इंद्राणी मुखर्जी यांच्यावरची नेटफ्लिक्सची मालिका थांबवावी, अशी मागणी सीबीआयने केली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे केस सुरू असताना तिच्याविषयी बोलायला सरसकट बंदी नाही. काय बोलायचं, याचं भान मात्र बोलणाऱ्याने ठेवायचं.

ऐकताना आणि शेअर करताना काय बघाल?

पहिलं, माहिती कुठून आली? पोलिसांची पत्रकार परिषद ही एक बाजू असते. पोलीस कोठडीत दिलेला कबुलीजबाब कायद्याने एरवी पुरावा धरला जात नाही, पण एपिसोडमध्ये तोच ‘क्लायमॅक्स’ असतो.

दुसरं, केस कुठल्या टप्प्यावर आहे? आरोपी, दोषी आणि निर्दोष सुटलेला हे तीन वेगळे शब्द आहेत. ‘नराधम’ म्हटलं, की तिन्हींमधला फरक पुसला जातो.

तिसरं, पीडितेची ओळख उघड होतेय का? पॉक्सोच्या कलम २३ नुसार नाव आणि फोटोच नाही, तर घरचे, शाळा, परिसर अशी ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमांत देता येत नाही. त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये टाकलेला फोटोसुद्धा अडचणीत आणू शकतो.

चौथं, एपिसोड अटकेनंतर किती वेळ चालतो? चार्जशीट वेळेत गेली का, साक्षीदार फुटले का, निकाल काय लागला, अपिलात तो टिकला का, हे विचारणारा पॉडकास्ट सापडला तर तो जरूर ऐका.

बदलापूर आणि कल्याणच्या मुख्य आरोपींविरुद्ध असा निकाल आता कधीच लागणार नाही. गुन्हा नोंदवायला झालेला उशीर, शाळेचं मौन, आधीचे गुन्हे असलेल्या माणसावरची देखरेख आणि तुरुंगातली सुरक्षा हे प्रश्न मात्र शिल्लक आहेत. ते एका आरोपीसोबत संपत नाहीत, आणि पुढचं मूल सुरक्षित राहणार की नाही, हे त्यांच्याच उत्तरांवर ठरणार आहे.