फुलझाडांचे दुखणे आणि आपली घाई

शेवंतीचे पान वळले, गुलाबावर पांढरे आले, झेंडू वाळू लागला, की आपल्या तोंडून एकच वाक्य निघते : "रोग पडलाय, औषध मारा." कोणता रोग आणि कोणते औषध, हे विचारण्याची पद्धत आपण जवळजवळ सोडूनच दिली आहे. हा प्रश्न शेतकी महाविद्यालयाचा, आपल्या कलाशाखेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ही चूक आधी भाषेची आहे, मग फवारणीची.

मराठीत झाडांच्या दुखण्यांना किती नेमके शब्द आहेत ! भुरी, तांबेरा, करपा, काणी, मर, मावा, चिकटा, तुडतुडे, कोळी. यांतील प्रत्येक शब्दामागे कोणीतरी पान हातात घेऊन, उलटेसुलटे करून पाहिलेले आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या 'मालदांडी 35-1' ज्वारीने आपल्या गावाचे नाव दूरवर नेले. त्याच ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी दिसली की जुना शेतकरी 'काणी' म्हणे, आणि पुढच्या पेरणीला किलोभर बियाण्यास चार ग्रॅम गंधक चोळावे, हेही त्यास ठाऊक असे. शेतात चालणारे हे शहाणपण अंगणातल्या कुंडीपाशी मात्र का थबकते, ते कळत नाही.

गुलाबाचेच पाहा. कोवळ्या पानावर पिठासारखा थर आला आणि तो बोटाने पुसला गेला, तर ती भुरी. पानावर काळे, कडा फाटल्यासारखे ठिपके पडून भोवती पान पिवळे झाले व गळू लागले, तर तो काळ्या ठिपक्यांचा रोग. दोन्ही बुरशीच, पण स्वभाव अगदी उलटे. भुरीला पान भिजावे लागत नाही. कोरडा दिवस आणि गार, दमट रात्र तिला पुरते. म्हणून आपल्याकडे ती हिवाळ्यात बळावते. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला मात्र पान कित्येक तास ओले राहावे लागते. तेव्हा संध्याकाळी नळीने झाड डोक्यावरून न्हाऊ घालणारा माणूस हा रोग स्वतःच्या हातांनी पोसत असतो. त्याने सकाळी बुंध्याशी पाणी घातले, गळलेली पाने वेचून जाळली, तर निम्मे काम बिनपैशाचे होते. भुरीवर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम चालते. पण सोलापुरी उन्हात, भर दुपारी ते मारले तर पानेच भाजतात, आणि मग त्या भाजण्यालाही आपण 'रोग' म्हणतो.

जास्वंदीवरचे पांढरे आणखी निराळे. ते कापसासारखे, फांदीच्या बेचक्यात बसलेले, चिरडले तर बोट ओले करणारे. तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की समजावे, याच्या गोड चिकट्यासाठी त्या निघाल्या आहेत. त्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे खोकल्याला मलम. तो भाग कापून नष्ट करावा, उरलेल्यावर निंबोळीचा पाच टक्के अर्क साबण घालून फवारावा. जून महिन्यात आपल्या रस्त्यांवर निंबोळ्यांचा सडा पडतो आणि आपण तो तुडवीत दुकानात जातो !

झेंडूची पाने फिकट, ठिपकेदार झाली व खाली जाळी दिसली, तर पान पांढऱ्या कागदावर झटकावे. ठिपके चालू लागले तर तो कोळी. कोळी हा कीटकच नव्हे. कित्येक कीटकनाशके त्याला सोडून त्याला खाणारे ढालकिडे तेवढे मारतात, आणि आठवड्याने कोळी दुप्पट होतो. दुकानदार मग अधिक जहाल बाटली काढतो.

हौसेने थंडीत आणलेल्या पॅन्सीची कथा सर्वांत करुण. ती थंड हवेची बाई. तिला मावा होतो, पाणी साचले तर मुळे कुजतात, हे खरे. पण शिमग्याच्या सुमारास ती पिवळी पडते, ती बहुधा आपल्या उन्हाने. त्याला कोणत्याही बाटलीत औषध नाही, तरी तिच्यावर शेवटपर्यंत फवारे चालूच असतात.

चार फुलांसाठी एवढा खल कशाला, असे वाटत असेल तर 2017 चे यवतमाळ आठवावे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कुंडीवरील फवारा लहान, हे मान्य. पण विष तेच, आणि ते आपण पोरे खेळतात त्या अंगणात, देवाला फुले तोडतो त्या झाडावर मारतो. डब्यावरील चौकोनाचा खालचा त्रिकोण तांबडा असेल तर ते सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे चार रंग आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत ? पदवीचे कागद हाती घेणारे आपण हा एक कागद वाचीत नाही.

माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाच्या बागेसाठी एक वही ठेवावी. कोणते झाड, पानाची वरची बाजू की खालची, डाग कोरडा की ओला, पाणी केव्हा घातले, हे तारखेसह त्यात लिहावे. ओळख न पटल्यास पान कागदी पाकिटात घालून मोहोळच्याच कृषी विज्ञान केंद्रात न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. त्यात ते वाटेतच कुजते, आणि मग तेथील तज्ज्ञांनाही काही सांगता येत नाही.