पंखा आणि मितव्यय

गेल्या वैशाखांत भर दुपारीं आम्ही माजघरांत डोकावलों, तों आमच्या थोरल्या वहिनी पंखा बंद करून भिंतीशीं बसलेल्या. अंग घामानें चिंब. विचारतां म्हणाल्या, “भावोजी, बिल पाहिलेंत ना? माझ्या एकटीसाठीं कशाला फिरवायचा?” वय ऐंशीच्या पुढें, आणि गांव अकोला! २०२४ सालच्या मे महिन्यांत उष्म्यामुळें याच जिल्ह्यांत जमावबंदी पुकारावी लागली होती, हें वाचकांस आठवत असेल.

मितव्यय आणि कार्पण्य यांत भेद आहे. काटकसर यंत्रानें करावी, म्हाताऱ्या देहानें नव्हे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यामागें हीच दृष्टि दिसते. त्यान्वयें २००२ मध्यें ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून यंत्रांवर तारे झळकूं लागले. पुढें २०१५ च्या जानेवारींत ‘उजाला’ योजना निघून देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वांटले गेले. घाऊक खरेदीमुळें २०१४ सालीं ३१० रुपयांस पडणारा दिवा २०१६ त ३८ रुपयांवर आला. कोणासही अंधारांत न बसवितां वीज वांचली.

परंतु वऱ्हाडांत दिव्यापेक्षां पंख्याचें महत्त्व अधिक. शाळामास्तरांची खोड म्हणून पाटीवर हिशेब मांडला. ७५ वॅटचा जुना पंखा रोज अठरा तास फिरला तर महिन्यास सुमारें चाळीस युनिटें खातो. २८ वॅटचा नवा बीएलडीसी पंखा पंधरा. साठ वॅटचा दिवा काढून नऊ वॅटचा लावला आणि रोज पांच तास जाळला, तर वांचतात साडेसातच! जुन्या मोटारींत बरीच वीज उष्णता होऊन जाते, आणि तीही आपल्याच खोलींत. आमच्या घरीं पंखे सहा. शिवाय एकत्र कुटुंबाचें मीटर एकच. महावितरणचा दर शंभर व तीनशें युनिटांपाशीं पायरी चढतो, तेव्हां वांचतात तीं सर्वांत महाग युनिटें.

छताच्या पंख्यांवर तारे सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२३ पासून. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत एक कोटी पंख्यांची सरकारी योजनाही जाहीर झाली. मग दिव्यांच्या वेळींच पंख्यांचाही असा धडाका कां लावला नाहीं? उन्हाळा कांहीं नवा नव्हता.

पुतण्यानें किमतीबद्दल कुरकुर केली. पाटी दाखवितांच गप्प बसला. पहिला पंखा माजघरांत बसविला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाहिलें, तर वहिनींनीं तो चालू ठेवला होता, पण एकावर. आम्ही तीनवर केला.